एक तास जवळ, एक तास लांब

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या घरी दर डिसेंबरात नवं कालनिर्णय येतं. ते भिंतीवर टांगण्याआधी माझी पत्नी त्यातली दोन पानं उघडते, मार्चचं आणि ऑक्टोबरचं. दोन्ही महिन्यांतला शेवटचा रविवार शोधते आणि चौकटीत निळ्या पेनाने बारीक अक्षरात लिहिते. मार्चच्या रविवारी 'लेक जवळ', ऑक्टोबरच्या रविवारी 'लेक लांब'. घरी येणारे पाहुणे ते वाचून विचारतात, "मुलगी यायची आहे वाटतं?" नाही. मुलगी लंडनला असते आणि या दोन रविवारी ती कुठेही येत-जात नाही. पुढेमागे होतात ती तिथली घड्याळं.

आपल्याकडे ही पद्धत नाही, म्हणून थोडं सांगतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी, मध्यरात्रीनंतर एक वाजला की ब्रिटनमधली घड्याळं एकदम दोनवर नेतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटेचे दोन वाजले की ती परत एकवर आणतात. मधले सात महिने तो देश एक तास पुढे असतो. त्यामुळे आपल्या आणि त्यांच्या वेळेतलं अंतर हिवाळ्यात साडेपाच तास असतं आणि उन्हाळ्यात साडेचार.

हे आम्हाला कसं कळलं, तेही सांगायला हवं. लग्न होऊन मुलगी २०१४ च्या उन्हाळ्यात तिकडे गेली. एका दुकानात हिशेबाचं काम मिळालं. संध्याकाळी साडेपाचला सुटली की बसच्या थांब्यावरून ती आईला फोन करायची. तेव्हा आमच्याकडे रात्रीचे दहा वाजलेले असायचे. जेवणं झालेली, नमाज झालेली, भांडी पालथी घातलेली. दहाचा फोन झाला की दिवा मालवायचा, असा शिरस्ता पडला.

ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार होता. दहा वाजले, फोन नाही. सव्वादहा झाले. पत्नी हातात तसबीह घेऊन बसली होती, मणी सरकत होते, पण ओठ हलत नव्हते. साडेदहाला मी फोन लावला, लागेना. परदेशात एकटी नोकरीला जाणारी पोर. काय काय मनात येऊन गेलं ते बोलून दाखवायची हिंमत दोघांनाही नव्हती. बरोबर अकराला फोन वाजला. मुलगी नेहमीसारखीच हसत बोलत होती. "अम्मी, इकडे काल घड्याळं मागे गेली. सांगायचं राहूनच गेलं."

पत्नी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तू आणखी एक तास लांब गेलीस."

आमच्या घरात कविता मी लिहितो. पण हे वाक्य तिचं आहे.

त्यानंतर हा उपद्व्याप सुरू कुणी केला, याचा मी शोध घेऊ लागलो. बरेच लोक बेंजामिन फ्रँकलिनचं नाव सांगतात. ते खरं नव्हे. फ्रँकलिनने १७८४ साली पॅरिसच्या एका वर्तमानपत्राला थट्टेखोर पत्र लिहिलं होतं, की पॅरिसकरांनी सूर्याबरोबर उठावं म्हणजे केवढ्यातरी मेणबत्त्या वाचतील. घड्याळाला हात लावायची गोष्ट त्यात नव्हती. ती सुचली न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसनला, १८९५ साली. तो टपाल खात्यात नोकरीला होता आणि त्याला किडे गोळा करण्याचा नाद होता. कचेरीतून सुटल्यावर किडे शोधायला उजेड पुरत नाही, तेव्हा उन्हाळ्यात घड्याळं दोन तास पुढे करावीत, असं त्याने सुचवलं.

ब्रिटनमध्ये ही कल्पना मांडली विल्यम विलेट नावाच्या घरं बांधणाऱ्या गृहस्थाने. तो लंडनच्या दक्षिणेला चिझलहर्स्ट इथे राहायचा. उन्हाळ्याच्या पहाटे घोड्यावरून रपेट मारताना त्याला दिसायचं, की ऊन चांगलं वर आलंय आणि घरोघरी पडदे ओढून लोक झोपलेत. त्याला हळहळ वाटली. १९०७ साली त्याने स्वतःच्या खर्चाने एक पुस्तिका काढली. त्याचं म्हणणं होतं, की एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटं करून घड्याळं एकंदर ८० मिनिटं पुढे करा. लोक हसले. पार्लमेंटात विधेयक आलं आणि बारगळलं. १९१५ साली विलेट वारला. दुसऱ्याच वर्षी युद्धापायी कोळसा वाचवायची पाळी आली, तेव्हा आधी जर्मनीने ३० एप्रिल १९१६ ला घड्याळं पुढे केली आणि मागोमाग २१ मे रोजी ब्रिटनने. माणूस हयात असताना जे पटलं नाही, ते शत्रूने केल्यावर तीन आठवड्यांत पटलं!

आता आपल्याला याची गरज का पडत नाही? आपण विषुववृत्तापासून फार दूर नाही म्हणून. रत्नागिरीला वर्षातला सर्वांत मोठा दिवस तेरा तासांहून जरासा मोठा आणि सर्वांत लहान अकरा तासांच्या आसपास. फरक दोन तासांचा. लंडनला जूनमधला मोठा दिवस साडेसोळा तासांहून मोठा असतो आणि डिसेंबरातला लहान दिवस आठ तासांचाही भरत नाही. उजेडाचा एवढा मोठा ढीग असला की त्यातला थोडा सकाळकडून उचलून संध्याकाळकडे टाकायची बुद्धी होते. आपल्याकडे ढीगच नाही, उचलणार काय?

तरीही घड्याळाशी भांडण आपणही केलेलं आहे. १ जानेवारी १९०६ ला भारताची प्रमाणवेळ लागू झाली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यामागे ३९ मिनिटं होती. म्हणजे सरकारी वेळ धरली तर मुंबईकराने तेवढं आधी उठायचं. गिरणी कामगार चिडले आणि त्याच महिन्यात काही ठिकाणी त्यांनी काम बंद पाडलं. लवकर उठून संध्याकाळी बागेत बसायला मिळेल, असं त्यांना कुणी म्हटलेलं नव्हतं. मुंबईच्या महापालिकेने तर 'बॉम्बे टाइम' कित्येक वर्षं सोडला नाही. आणि दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, सबंध हिंदुस्थानातली घड्याळं एक तास पुढे होती. माझे वडील तेव्हा लहान होते, डोंगरीत राहायचे. ते त्याला 'लढाईचा टाइम' म्हणत. ते सांगत, की चाळीत कुणी वेळ विचारली तर आजोबा उलट विचारायचे, "कुठली सांगू? आगगाडीची की नमाजाची?" आगगाडी सरकारी घड्याळावर सुटते आणि नमाज सूर्यावर, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

हा हिशेब मला २०२४ साली लंडनला पुन्हा भेटला.

मुलगी बरेच दिवस "अब्बा, या, या" म्हणत होती. आम्हा दोघांनाच बोलावलं होतं, पण माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना सोडून पत्नीला निघता येईना. "तुम्ही जाऊन या," ती म्हणाली. मार्चच्या मध्यावर मी पोचलो तेव्हा रमजान सुरू होता. मुलीचं घर लंडनच्या दक्षिण कडेला, ब्रॉम्लीच्या बाजूला आहे. ३० मार्चला, शनिवारी, आम्ही संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास रोजा सोडला. रात्री जावयाने भिंतीवरचं घड्याळ उतरवून काटा पुढे केला. मोबाइल आपले आपण बदलतात. ओव्हनचं घड्याळ मुलीने बदललं. गाडीतल्या घड्याळाला मात्र जावई हात लावत नाहीत. "बदलायचं कसं ते विसरलोय. ऑक्टोबरात आपोआप बरोबर होईल," ते म्हणाले.

रविवारी संध्याकाळी खजुरांची बशी मांडली गेली आणि माझा सहा वर्षांचा नातू मशिदीचं छापील वेळापत्रक घेऊन आला. आदल्या दिवशी साडेसहा, आज साडेसात. त्याने मला गंभीरपणे विचारलं, "नाना, सरकारने रोजा एक तास वाढवला?"

प्रश्न चांगला होता. मी एक सुतळी घेतली. फरशीवर सरळ ठेवली. म्हटलं, हे टोक म्हणजे सहेरी आणि ते टोक म्हणजे मगरीब. खाली त्याची फूटपट्टी ठेवली. मग पट्टी एक इंच सरकवली. काल चारच्या सुमारास संपलेली सहेरी आज पाचच्या सुमारास संपली, काल साडेसहाला असलेली मगरीब आज साडेसातला. "आता सांग, सुतळी वाढली का?" त्याने वाकून नीट पाहिलं. "सुतळी तेवढीच. पट्टी सरकली," तो म्हणाला.

सुतळी सूर्याची आहे, पट्टी सरकारची. माझ्या आजोबांना ठाऊक होतं तेच हे. सुतळी रोज तीन-चार मिनिटांनी वाढत होती, तीही सरकारला न विचारता.

मग एप्रिल गेला, मे आला आणि ती सुतळी मला आवरेना. संध्याकाळी आठ वाजता अंगणात लख्ख ऊन. मुलगी साडेसहाला घरी यायची, जावई सातला. त्यानंतर अख्खी एक दुपार शिल्लक असल्यासारखी वाटायची. दोघं कुंड्यांना पाणी घालत, नातू सायकल चालवी, पलीकडचे म्हातारे इंग्रज जोडपे खुर्च्या टाकून नुसतं बसून राही. जवळच्या मैदानात कचेरीतून आलेली माणसं कपडे बदलून क्रिकेटचा पूर्ण सामना खेळत. आमच्या इकडे दिवसभर राबलेला माणूस घरी येतो तो अंधारातच. त्याचा दिवस मालकाच्या खात्यात जातो, त्याच्या वाट्याला ट्यूबलाइट येते. इथे कामावरून सुटलेल्या माणसाच्या हातात कुणीतरी दोन तास ऊन ठेवत होतं. विलेटबद्दल मला पहिल्यांदाच माया वाटली.

एका रविवारी नातवाला घेऊन पेट्स वुडच्या रानात गेलो. तिथे झाडांच्या मधोमध विलेटचं स्मारक आहे, दगडी खांब आणि त्यावर सूर्यघड्याळ. गंमत अशी, की त्यावरचे आकडे एक तास पुढचे आहेत. म्हणजे सूर्याचं घड्याळ, पण उन्हाळी कायद्याने चालणारं. मी मोबाइल काढून ताडून पाहिलं, चार-पाच मिनिटांचा फरक निघाला. नातवाने विचारलं, "मग थंडीत हे चुकीचं दाखवतं?" म्हटलं, "हो. पण थंडीत इथे ऊन असतं कुठे?" तो मान डोलावून म्हणाला, "ते खरं."

ते खरं, याचा अर्थ मला मुलीने समजावला. मी त्या उजेडाचं कौतुक करू लागलो की ती म्हणायची, "अब्बा, एकदा डिसेंबरात या. चार वाजायच्या आत अंधार. अंधारात जायचं, अंधारात यायचं. म्हणून ही माणसं जूनमध्ये घरात बसत नाहीत." ब्रिटनने १९६८ ते १९७१ या काळात घड्याळं बारा महिने पुढे ठेवून पाहिली होती. पण उत्तर स्कॉटलंडमध्ये थंडीत सूर्य दहाच्या सुमारास उगवू लागला, पोरं काळोखात शाळेला जाऊ लागली आणि तो प्रयोग सोडून द्यावा लागला. युरोपीय संसदेने २०१९ साली ही सरकवासरकव बंद करायचा ठराव मंजूर केला, पण तिथेही घड्याळं अजून पुढेमागे होतच आहेत. संध्याकाळ कुणाला नको असते? पण ती सकाळच्या पदराला बांधलेली आहे. एक ओढली की दुसरी येते.

आणि जूनची आणखी एक बाजू मुलीने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सांगितली. २०१६ चा रमजान तिथे ऐन जूनमध्ये आला होता. पहाटे तीनच्या आधी सहेरी संपायची आणि रोजा सुटायचा रात्री सव्वानऊ-साडेनऊला. अठरा तासांहून मोठा रोजा, आणि दिवसभर दुकानात उभं राहणं. त्या दिवसांत तिथे रात्र पुरती काळी होतच नाही, म्हणून इशा आणि फजर कितीला धरायची यावर मशिदी-मशिदींचे हिशेब वेगळे. फोनवर आईने विचारलं की ही म्हणायची, "सगळं मजेत." मी म्हटलं, "तेव्हा सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "अम्मीने कालनिर्णयावर तेही लिहिलं असतं."

जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. सूर्य अजून छपरांच्या वर होता. सूर्यास्त नऊ एकवीसचा. नातवाला जाड पडदे ओढून झोपवायचा प्रयत्न आत चालू होता आणि तो ओरडून सांगत होता, "सूर्य जागा आहे!" मी अंगणात बसलो होतो. आमच्या कोकणात सूर्य खाडीत बुडाला की पाव-अर्ध्या तासात गडद काळोख होतो. कातरवेळ कशी पटकन येते, पटकन जाते. दिवा लावेपर्यंतच तिचं आयुष्य. इथे ती तासन् तास उंबऱ्यावर उभी. या वेळेला म्हणायचं काय? रात्रीचे नऊ, म्हणजे रात्र म्हणायची? डोळ्यांपुढे ऊन. संध्याकाळ म्हणावी, तर पोटात जेवण जाऊन दोन तास झालेले. इतकी वर्षं मराठीत लिहितोय, पण त्या उजेडाला माझ्याकडे शब्द नव्हता.

आणि एकदम वाटलं, हे तिला दाखवायला हवं. आत्ता. विचार न करता मी व्हिडिओ फोन लावला.

चार-पाच वेळा वाजल्यावर तिने उचलला. केस विस्कटलेले, चेहरा पांढराफटक. "काय झालं? पोरगी बरी आहे ना?"

तिकडे रात्रीचा दीड वाजला होता.

दहा वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातली ती रात्र मला आठवली आणि मी ओशाळलो. "काही नाही गं," मी म्हटलं, "तुला सूर्य दाखवायचा होता."

"रात्री दीडला सूर्य?" मग जे काही ऐकून घ्यावं लागलं ते आकाशवाणीवर सांगण्यासारखं नाही. पण तिने फोन ठेवला नाही. मी कॅमेरा वळवला. ती बघत राहिली. शेजारच्या खाटेवर सासूबाई जाग्याच होत्या, त्यांना झोप अशी लागतच नसे. पत्नीने फोन त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं आणि विचारलं, "ही कुठली सकाळ?"

"सकाळ नाही, माँ. लेकीकडची रात्र आहे."

म्हातारी हसली. म्हणाली, "एवढा उजेड आहे तर थोडा इकडे पाठवा म्हणावं."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. नातवाला मी ऐटीत सांगितलं होतं, की पट्टी सरकली तरी सुतळी तेवढीच. ते सूर्याच्या बाबतीत खरं आहे. पण माणसं एकमेकांना भेटतात ती पट्टीवर. बस पट्टीवर येते, दुकान पट्टीवर सुटतं, दहाचा फोन पट्टीवर वाजतो. म्हणून कुठल्यातरी पार्लमेंटाने पट्टी एक इंच सरकवली, की सात समुद्रांपलीकडे एक बाई एक तास जास्त जागी बसते. त्या बाईला कुणी विचारलेलं नसतं. तिने 'लेक लांब' लिहिलं ते अगदी बरोबर मापून लिहिलं होतं.

जुलैत मी परत आलो. सव्वासातच्या आत-बाहेर मगरीबची बांग, लगेच काळोख, पागोळ्यांचा आवाज. बरं वाटलं. त्याच वर्षी सप्टेंबरात सासूबाई गेल्या. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला तेव्हा पत्नी कालनिर्णयासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आता मला जाता येईल."

२०२५ च्या मार्चमध्ये ती गेली. त्या वर्षी गंमत अशी झाली, की ३० मार्चच्या ज्या रविवारी घड्याळं पुढे गेली, त्याच दिवशी मुलीकडच्या मशिदीत ईद होती. आमच्याकडे ईद सोमवारी. म्हणजे कालनिर्णयावर तिनेच लिहून ठेवलेल्या 'लेक जवळ'च्या चौकटीत तिची ईद आणि माझा रोजा. तिने फोनवर शिरखुर्मा दाखवला. मी म्हटलं, "दाखव, दाखव. इथे मगरीबला अजून वेळ आहे."

जूनमध्ये एका रात्री माझा फोन वाजला. घड्याळात पाहिलं, दीड वाजून गेला होता. पडद्यावर आधी काही दिसेना, नुसता तांबूस उजेड. मग तिचा आवाज आला, "झोपला होतात?"

मी जागाच होतो.